“ही’ड” म्हणजे “हॅड” की “वुड”? इंग्रजी सर्वनामांच्या संक्षिप्त रूपांविषयी

प्रश्न थोडक्यात असा: “आय ॲमचं आय’म, ही इजचं ही’ज, आय हॅडचं आय’ड हा तक्ता पाठ आहे. तरी वाचताना ‘ही’ड’ आलं की ते ‘हॅड’ की ‘वुड’ हे कळत नाही. ‘आर यू रेडी?’ला ‘येस, आय’म’ असं उत्तर लिहिलं, ते चूक ठरलं. आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये ही रूपं चालतात की नाही, याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. हे सगळं नीट कसं समजून घ्यायचं?”

बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत आल्यामुळे सांगते, यातला अर्धा घोळ त्या तक्त्यानेच घातलेला असतो. तक्ता बघून वाटतं की अक्षरं गाळून जागा वाचवायची ही एक लेखनाची सोय आहे. मनात आलं तर वापरा, नाहीतर पूर्ण लिहा. पण ही रूपं लेखणीतून आलेली नाहीत, तोंडातून आलेली आहेत. इंग्रजी वाक्यात काही शब्दांवर जोर पडतो, काही शब्द नुसते वाहून नेले जातात. ॲम, इज, आर, हॅव, हॅज, हॅड, विल, वुड ही सहायक क्रियापदं बहुतेक वेळा बिनजोराची असतात. बिनजोराचा शब्द बोलताना आक्रसतो आणि शेजारच्या सर्वनामाला चिकटतो. जी अक्षरं गळाली त्यांच्या जागी वरचं चिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, लिहितात. (मी इथं इंग्रजी उदाहरणं देवनागरीत देतेय, ’ हे चिन्ह जिथे दिसेल तिथे इंग्रजीतही ते आहे असं समजा.)

म्हणजे प्रश्न अक्षरांचा नाही, जोराचा आहे. क्रियापदावर जोर नसेल तर ते चिकटतं, जोर असेल तर सुटं राहतं. पुढचं जवळजवळ सगळं यातून निघतं.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. “तो गेला आहे” हे आपण छापतो आणि “तो गेलाय” असं बोलतो. “करत आहे”चं “करतोय”, “केलं आहे”चं “केलंय”, “कुठे आहे”चं “कुठंय”. कोणी विचारलं, “तू अजून निघाला नाहीस?” तर आपण चिडून “निघालो आहे!” असं तोडून म्हणतो, तिथे “निघालोय”मध्ये तो ठसका येत नाही. इंग्रजीतही अगदी तसंच. “आय’म कमिंग” म्हणजे “येतोय”. “आय ॲम कमिंग” असं ॲमवर जोर देऊन म्हटलं की त्यात “किती वेळा सांगू, येतोय ना!” हा सूर लागतो. म्हणून ज्यांना वाटतं की पूर्ण रूप बोललं की इंग्रजी जास्त शुद्ध आणि सभ्य ठरतं, त्यांचं बोलणं समोरच्याला पुष्कळदा कोरडं, कधी कधी रागावलेलं वाटतं. “यू आर लेट” आणि “यू’अर लेट” यांत पहिलं जास्त टोचतं.

आता “येस, आय’म”. उत्तरात “रेडी” हा शब्द गाळलेला आहे. तो गेल्यावर वाक्याचा सगळा भार “ॲम”वर येतो, आणि भार पेलणारा शब्द आक्रसू शकत नाही. म्हणून “येस, आय ॲम”, “येस, शी इज”, “येस, दे हॅव”, “येस, वी विल”. मराठीतही “तो घरी आहे का?”ला “हो, आहे” असंच म्हणावं लागतं, नुसता “य” उच्चारून भागत नाही.

इथपर्यंत दोन्ही भाषा बरोबर चालतात. पुढे वाटा वेगळ्या होतात आणि आपली माणसं नेमकी तिथेच घसरतात. “तो कुठंय माहीत नाही” हे मराठीत छान चालतं, कारण आपलं “आहे” आधीच्या “कुठे”ला बिलगतं. त्याच सवयीने “आय डोन्ट नो व्हेअर ही’ज” असं लिहिलं जातं. ते चूक. इथे “इज”नंतर जी जागा असायला हवी होती, तिथला “व्हेअर” उठून पुढे गेलाय. मागे रिकामी जागा उरली, आणि रिकाम्या जागेच्या आधीचं क्रियापद पूर्णच म्हणावं लागतं: “आय डोन्ट नो व्हेअर ही इज”. “शी’ज टॉलर दॅन आय ॲम” यातही शेवटचं “आय ॲम” मोडता येत नाही. “वी’अर टायर्ड अँड दे आर टू” यात पहिलं जोडलेलं, दुसरं सुटं. कारण दुसऱ्यात “टायर्ड” गाळलंय. “नो, आय’म नॉट” मात्र बिनधास्त म्हणा. तिथे भार घ्यायला “नॉट” उभं आहे.

नकाराचं निघालंच आहे तर तेही उरकते. “ही’ज नॉट” आणि “ही इजन्ट” दोन्ही बरोबर. एकात क्रियापद सर्वनामाला चिकटलंय, दुसऱ्यात “नॉट” क्रियापदाला. दोन्हीकडून एकदम चिकटवता येत नाही. “आय”ला दुसरा पर्याय प्रमाण इंग्रजीत नाही, तिथे “आय’म नॉट”च. “ॲमन्ट” हे रूप स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये बोलतात, पण बाहेर ते चालत नाही. म्हणूनच शेपटीचा प्रश्न, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेलं “नाही का?”, विचारताना “आय’म लेट, आरन्ट आय?” असं विचित्र दिसणारं रूप येतं. विचित्र आहे खरं, पण तेच रूढ आहे.

आता मूळ शंका. एकाच तुकड्यात दोन क्रियापदं लपलेली असतात ती दोन ठिकाणी: ’ज आणि ’ड.

’ज म्हणजे “इज” किंवा “हॅज”. पुढचा शब्द बघायचा. “शी’ज रीडिंग”, “शी’ज हॅपी”, “शी’ज अ डॉक्टर” यांत “इज”. “शी’ज बीन इल” यात “हॅज”, कारण “बीन” “इज”नंतर येतच नाही. “शी’ज गॉट अ कार” यातही “हॅज”. पेच पडतो तो पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं की. “शी’ज इन्व्हायटेड” आणि “शी’ज इन्व्हायटेड मी” ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात “इज” आहे: तिला बोलावलंय. दुसऱ्यात इंग्रजी “मी” (म्हणजे “मला”) हे कर्म मागे आलं, म्हणजे बोलावणारी तीच. तिथे “हॅज”: तिने मला बोलावलंय. मराठीत “तिला” आणि “तिने” हा फरक उघड्यावर असतो, इंग्रजीत तो एका ’ज मागे दडलेला असतो. त्यामुळे तिसरं रूप दिसलं की त्याच्यामागे कर्म आहे का ते बघायची सवय लावा. “ही’ज गॉन” यासारखी काही वाक्यं दोन्हीकडून वाचता येतात, “तो गेलाय” आणि “तो आता इथे नाही”. अर्थात फारसा फरक पडत नसल्यामुळे इंग्रज माणूसही तिथे थांबून विचार करत नाही. तुम्हीही करू नका.

’ड म्हणजे “हॅड” किंवा “वुड”. पुढे तिसरं रूप असेल तर “हॅड”, पहिलं रूप असेल तर “वुड”. “ही’ड गॉन बिफोर आय अराइव्ह्ड”: मी पोचण्याआधीच तो गेला होता. “ही’ड गो इफ यू आस्क्ड”: तू म्हटलंस तर तो जाईल. इतकं सगळ्या पुस्तकांत असतं. पुस्तकं जे सहसा सांगत नाहीत ते असं, की काही क्रियापदांचं पहिलं आणि तिसरं रूप एकच असतं: कम, बिकम, रन, कट, पुट, हिट. तिथे “दे’ड कम” हे नुसतं बघून उत्तर मिळणारच नाही. “बाय टेन ओ’क्लॉक दे’ड ऑल कम” म्हणजे दहापर्यंत सगळे आले होते; “हॅड”. “व्हेन वी वेअर चिल्ड्रन, दे’ड कम एव्हरी समर” म्हणजे दर उन्हाळ्यात यायचे; “वुड”. पहिल्यात एक ठरलेला क्षण आहे, दुसऱ्यात नेहमीची रीत. गोष्टीच्या पुस्तकात जुन्या आठवणींचा भाग आला की “ही’ड सिट, ही’ड लुक, ही’ड से” अशी रांग लागते. ती सगळी “वुड” असतात आणि मराठीत त्यांचं “बसायचा, बघायचा, म्हणायचा” होतं.

दोन पक्क्या जोड्या मात्र पाठच करा. “यू’ड बेटर गो” यात “हॅड” आहे, पुढे पहिलं रूप असूनही. आणि “आय’ड रादर स्टे” यात “वुड”. पहिल्याबद्दल एक इशारा: “यू’ड बेटर” हा गोड सल्ला नाही. त्यात “नाहीतर बघ” असा एक अदृश्य शेपूट असतो. “यू’ड बेटर चेक द रिपोर्ट” असं वरिष्ठांना लिहिलेलं मी पाहिलंय. लिहिणाऱ्याला “एकदा रिपोर्ट बघून घ्याल का” एवढंच म्हणायचं होतं.

’ल सोपं आहे, ते “विल” (जुन्या ब्रिटिश वळणात “शॅल”सुद्धा). ’व्ह म्हणजे “हॅव”, ’अर म्हणजे “आर”. पण अर्थ सोपा असला तरी वापरात हेच तुकडे जास्त महाग पडतात, कारण बोलताना ते आपल्या तोंडून पडून जातात. वर्गात यावर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो.

मुलाखतीतलं एक वाक्य घ्या: “आय’व्ह वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स.” पाच वर्षं झाली, मी इथे काम करतेय, अजूनही करतेय. आता उच्चार बघा. “व्ह” आणि पुढचा “वर्क्ड”मधला “व” हे इंग्रजीत दोन वेगळे ध्वनी आहेत. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच टेकत नाहीत. मराठीत दोघांना एकच “व”. त्यामुळे आपल्या तोंडी पहिला “व” दुसऱ्यात विरघळतो आणि ऐकणाऱ्याला “आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स” ऐकू जातं. त्याचा अर्थ: पाच वर्षं होते, आता नाही. समोरचा माणूस लगेच विचारतो, “मग सोडलंत कधी?” आणि उत्तर देणारी गोंधळते. व्याकरण तिला येत असतं. दात ओठावर टेकला नाही इतकंच. आरशासमोर उभं राहून “आय’व्ह”ला दात दिसेपर्यंत थांबायचं आणि मग “वर्क्ड”ला ओठ गोल करायचे, असं सावकाश काही दिवस केलं की हे सुधारतं. तोवर “आय हॅव वर्क्ड” म्हटलं तरी बिघडत नाही; नेमकेपणासाठी थोडा कोरडेपणा परवडतो.

“आय’ड लाइक अ विंडो सीट” याचंही तेच. ’ड पडला की “आय लाइक अ विंडो सीट” उरतं. पहिलं म्हणजे “मला खिडकीजवळची जागा हवी होती”, ही नम्र मागणी. दुसरं म्हणजे “मला खिडकीजवळ बसायला आवडतं”, ही नुसती माहिती. काउंटरवरचा माणूस दोन्ही वेळा जागा देईल, पण दुसऱ्या वेळी अर्थ त्याला स्वतःच लावून घ्यावा लागेल.

’लची गोष्ट उच्चाराची नाही, विचाराची आहे. फोन वाजला, “थांब, मी घेतो.” पिशवी जड दिसली, “आणा, मी धरतो.” मराठीत तिथल्या तिथे घेतलेला निर्णय आपण वर्तमानकाळात सांगतो. इंग्रजीत अशा जागी “आय’ल गेट इट”, “आय’ल कॅरी दॅट” लागतं. मनात मराठी असल्यामुळे तोंडून “आय टेक”, “आय कॅरी” बाहेर पडतं आणि वाक्य लंगडं होतं. अशा वेळी पूर्ण “आय विल” म्हणणंही बरोबर बसत नाही. त्यात प्रतिज्ञा केल्याचा किंवा कोणाला तरी ठणकावल्याचा भाव येतो. इथे संक्षिप्त रूप हेच खरं रूप आहे, ते कशाचंही आखूड केलेलं वाटत नाही. “लेट’स गो” तर याहून पुढे गेलंय. मूळ “लेट अस”; पण “लेट अस गो” म्हणजे “आम्हाला जाऊ द्या” असाही अर्थ होतो. “लेट’स” म्हणजे फक्त “चला”.

एक मर्यादा सांगायला हवी. ही चिकटाचिकटी सहायक क्रियापदांची. “हॅव” जेव्हा “जवळ असणे” या अर्थाने मुख्य क्रियापद म्हणून येतं, तेव्हा ते अंगावर भार घेतं. “आय’व्ह अ कार” हे जुन्या ब्रिटिश बोलण्यात सापडतं, पण आज “आय हॅव अ कार” किंवा “आय’व्ह गॉट अ कार” म्हणावं. “ही’ज अ कार” म्हटलंत तर तो माणूस स्वतःच गाडी आहे असा अर्थ होईल. “आय’व्ह टु गो”ऐवजीही “आय हॅव टु गो” किंवा “आय’व्ह गॉट टु गो”.

लिहिताना अपॉस्ट्रॉफी गाळण्याची सवय मोबाइलने सगळ्यांनाच लावलीय. बऱ्याच ठिकाणी ते खपून जातं, पण सर्वनामांच्या बाबतीत चिन्ह गेलं की दुसराच जिवंत शब्द उभा राहतो. “वी’ल”चं “वेल” होतं, “वी’अर”चं “वेअर”, “आय’ल”चं “इल” म्हणजे आजारी. “शी’ल”चं “शेल” म्हणजे शिंपला, “शी’ड”चं “शेड” म्हणजे छपरी, “वी’ड”चं “वेड” म्हणजे लग्न करणे आणि “ही’ल”चं थेट “हेल” म्हणजे नरक. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर यातल्या एकालाही हमखास पकडेल असं नाही, कारण शब्द म्हणून सगळे बरोबर आहेत.

उलटी चूक त्याहून जास्त होते: नको तिथे चिन्ह. “इट्स” दोन आहेत. चिन्हाचं म्हणजे “इट इज” किंवा “इट हॅज”. बिनचिन्हाचं म्हणजे “त्याचा, त्याची, त्याचं”. “यू’अर” आणि “युअर”, “दे’अर” आणि “देअर”, “हू’ज” आणि “हूज” या जोड्याही तशाच, ऐकायला बहुतेकांच्या तोंडी सारख्या. कसोटी एकच: मोडून बघा. “द डॉग वॅग्ड इट्स टेल” यात “इट इज टेल” बसत नाही, म्हणून चिन्ह नाही. गोंधळ होतो कारण “राम’स बुक”मध्ये मालकी दाखवायला चिन्ह लागतं. पण सर्वनामांची मालकीची रूपं, हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, सगळी बिनचिन्हाचीच असतात आणि “इट्स” त्याच घरातलं आहे. ते घरात उशिरा आलं, हेही खरं. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निर्जीव वस्तूंनाही “हिज” वापरायचे. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबल या इंग्रजी भाषांतराच्या पहिल्या आवृत्तीत “इट्स” हा शब्द नाही. पुढे बराच काळ चांगले लेखकही मालकीच्या “इट्स”मध्ये चिन्ह घालत असत. म्हणजे आजची ही चूक एके काळी चूक नव्हती. परीक्षेत हा युक्तिवाद करू नका.

त्या काळात “इट इज” आक्रसायचं तेही वेगळ्या बाजूने. क्रियापद शाबूत राहून सर्वनामच झिजायचं: ’टिज, ’ट्वॉज. जुन्या कवितांत ही रूपं भेटतात ती याच कारणाने. आणि अशा तोकड्या रूपांवर नाक मुरडणारेही जुनेच. आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टने 1710 साली त्यांची खिल्ली उडवायला एक बनावट पत्र रचून छापलं होतं.

ते नाक मुरडणं अजून थोडं शिल्लक आहे, म्हणून ईमेलबद्दल दोन मतं ऐकू येतात. माझं मत: करारनामा, प्रबंध, न्यायालयीन किंवा सरकारी अर्ज, नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र यांत पूर्ण रूपं ठेवा. रोजच्या ईमेलमध्ये, ग्राहकाला किंवा सहकाऱ्याला लिहिताना, “वी’अर”, “आय’ल”, “यू’ल” खुशाल वापरा. न वापरल्यास मजकूर नोटिशीसारखा वाटतो. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची लेखनशैलीसुद्धा “यू’ल”सारख्या रूपांना परवानगी देते. तिथे आक्षेप आहे तो “कान्ट”, “डोन्ट”सारख्या नकारी रूपांवर, कारण वाचताना नकार निसटून उलटा अर्थ लागू शकतो. “शुड’व्ह”, “दे’व्ह” हीसुद्धा वाचायला जड म्हणून टाळायला सांगतात. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो. एकाच ईमेलमध्ये काही रूपं जोडलेली आणि काही सुटी असली तरी हरकत नाही. “वी’ल सेंड द फाइल टुडे. वी विल नॉट चार्ज यू फॉर इट.” पहिलं वाक्य सहज, दुसऱ्यात ग्राहकाच्या मनात शंका उरू नये म्हणून “विल नॉट” मुद्दाम सुटं.

“आय’ड’व्ह”सारखी दुहेरी रूपं ऐकून समजली पाहिजेत, लिहू नयेत. “आय’ड’व्ह कॉल्ड” म्हणजे “आय वुड हॅव कॉल्ड”, मी फोन केला असता. भरभर बोलताना यातला “हॅव” इतका झिजतो की “ऑव्ह” (of) या शब्दासारखा ऐकू येतो, आणि मग इंग्रजी मातृभाषा असणारेसुद्धा “वुड ऑव्ह” (would of) असं लिहून बसतात. कानावर विसंबून लिहिणाऱ्यांची ही चूक आहे. व्याकरण आधी शिकून मग ऐकायला लागलेले आपले विद्यार्थी ती सहसा करत नाहीत.